डीडब्ल्यूएम आणि मराठी बार: प्रकल्प नोंदी

६ जानेवारी २०२५, सोमवार

यंत्र: थिंकपॅड एक्स२२०, २०११ सालचं मॉडेल. पडदा साडेबारा इंची, १३६६ गुणिले ७६८. रॅम ४ जीबी. डेबियन १२ टाकलं, इन्स्टॉल करताना डेस्कटॉप एन्व्हायर्नमेंटच्या यादीतल्या सगळ्या खुणा काढून टाकल्या.

यंत्राला काम एकच, मुद्रितं तपासणं. डावीकडे स्कॅन केलेलं पान, उजवीकडे लेखकाची फाइल, मधूनमधून शब्दकोश. एवढ्याशा पडद्यावर या खिडक्या माउसने ओढून, कोपरे धरून बसवत राहण्यात वेळ जातो आणि मनगटही दुखतं. खिडक्यांनी आपण होऊन शेजारी-शेजारी बसावं म्हणून टायलिंग विंडो मॅनेजर.

निवड डीडब्ल्यूएमची. अन्सेल्म गार्बे यांनी २००६ साली सुरू केलेला, सी भाषेतला. मूळ कोड दोन हजार ओळींच्या आत ठेवायचा असा तो बनवणाऱ्या सकलेस मंडळींचा दंडकच आहे. सेटिंगची वेगळी फाइल नाही. कॉन्फिग.एच नावाच्या हेडरमध्ये बदल करायचे आणि प्रोग्राम पुन्हा कंपाइल करायचा. गिटमधून ६.५ ही आवृत्ती उतरवली. बिल्डला एक्स११, एक्सएफटी आणि झिनेरामा यांची डेव्ह पॅकेजेस लागतात, बाकी काही नाही.

आजचे बदल:

मॉडकी, म्हणजे सगळ्या शॉर्टकटांची मुख्य कळ, आल्टवरून विंडोज कळीवर नेली. आल्ट लिबरऑफिसच्या मेनूला लागते. तीच विंडो मॅनेजरने गिळली तर रायटरमध्ये रोज चरफड.

एमफॅक्ट, म्हणजे डाव्या मुख्य रकान्याचा रुंदीतला वाटा, ०.५५ होता, तो ०.५० केला. मूळ पान आणि फाइल समान रुंदीची हवीत. एखादं पान रुंद असलं तर मॉड आणि एल दाबून वाढवता येतं.

रिसाइझ हिंट्स शून्य. नाहीतर टर्मिनल आपल्या अक्षरांच्या पटीतच आकार घेतो आणि खाली-उजवीकडे फट उरते.

खिडक्यांमध्ये मोकळी जागा सोडणारे गॅप्सचे पॅच (कोडमधले तयार बदल) नकोत. ज्यांच्याकडे सत्तावीस इंची पडदे आहेत त्यांनी हौस करावी. मला ७६८ पिक्सेलांत पान वाचायचंय.

नोंदवून ठेवण्यासारखं: रिपॉझिटरीत असते ती कॉन्फिग.डेफ.एच. कॉन्फिग.एच नसेल तरच मेक तिची प्रत काढतो. पॅच मात्र डेफ फाइलला लागतात. म्हणजे पॅचने आणलेला नवा व्हेरिएबल आपल्या कॉन्फिग.एचमध्ये हाताने उतरवावा लागतो, नाहीतर कंपायलर 'हे कोण?' म्हणून अडतो.

७ जानेवारी, मंगळवार

कीबोर्ड. मी इन्स्क्रिप्टवर टाइप करतो. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने ठरवलेली ही मांडणी. एक्सच्या (लिनक्सवर खिडक्या आणि कीबोर्ड सांभाळणारी यंत्रणा) कीबोर्ड डेटाबेसमध्ये भारताच्या लेआउटखाली मराठीचा स्वतंत्र व्हेरिएंट आहे, सुधारित इन्स्क्रिप्टचा. एक्स सुरू होताना चालणाऱ्या एक्स-इनिट फाइलमध्ये सेटएक्सकेबीमॅपची एक ओळ टाकली: पहिला गट अमेरिकन इंग्रजी, दुसरा मराठी, अदलाबदल कॅप्स लॉकवर. आयबस वगैरे वेगळं इनपुट साधन लागत नाही.

क्रम महत्त्वाचा. डीडब्ल्यूएम कळी पकडतो तेव्हा त्या कळीचं पहिल्या गटातलं चिन्ह पाहतो. पहिला गट इंग्रजी असला की मराठी चालू असतानाही मॉड-जे खिडकी बदलतो, जरी त्या क्षणी जे दाबल्यावर र उमटत असला तरी. एकटं मराठी लेआउट लावलं तर कीबोर्डवर जे नावाची कळच उरत नाही, आणि अक्षरांचे सगळे शॉर्टकट एका झटक्यात मुके होतात. टर्मिनल उघडलं तरी त्यात इंग्रजी आज्ञा टाइप करता येत नाही. तेव्हा कंट्रोल-आल्ट-एफ२ ने दुसऱ्या कन्सोलवर जाऊन एक्स बंद करायचा, एवढाच मार्ग.

दुसरी अडचण स्वभावाची. गट सगळ्या खिडक्यांना मिळून एकच असतो. फाइलमध्ये मराठी टाइप करून टर्मिनलात गेलं आणि एलएस टाइप केलं की 'ते' उमटतं. मेक टाइप केलं की 'सोका'. डीडब्ल्यूएमच्या वरच्या पट्टीत, म्हणजे बारमध्ये, कुठला गट चालू आहे ते दिसायला हवं.

त्यासाठी एक्ससेटला विचारायचं. त्याच्या उत्तरात एलईडी मास्क म्हणून आठ अंक येतात. दुसरा गट चालू असला की त्यातला शेवटून चौथा १ होतो. स्क्रिप्टमध्ये तेवढाच अंक तपासला: १ असेल तर 'म', नाहीतर 'इं'.

८ जानेवारी, बुधवार

टॅग. डीडब्ल्यूएममध्ये वर्कस्पेस नसतात, टॅग असतात, आणि फरक नावापुरता नाही. प्रत्येक खिडकीला नऊ बिटांचा एक मास्क असतो. एक खिडकी दोन टॅगांवर असू शकते, आणि दोन टॅग एकदम समोरही आणता येतात. मुद्रिताच्या कामाला हे फार सोयीचं. पहिल्या टॅगवर चालू फॉर्म (पुस्तकाच्या पानांचा एक गठ्ठा), दुसऱ्यावर मागचा फॉर्म. नाव कुठे कसं लिहिलंय हे ताडून पाहायचं असलं की मॉड-कंट्रोल-२, दोन्ही समोर. पुन्हा तेच दाबलं की मागचा फॉर्म गायब.

शब्दकोश सगळीकडे हवा. गोल्डनडिक्टसाठी रूल्समध्ये एक ओळ लिहिली: टॅगचा मास्क सगळे बिट चालू, तरंगता. क्लासचं नाव अंदाजाने लिहू नये, एक्सप्रॉप चालवून खिडकीवर क्लिक करावं. तो दोन नावं देतो, पहिलं इन्स्टन्स आणि दुसरं क्लास. तुलना सी भाषेतल्या स्ट्रस्ट्रने होते, म्हणजे नावाचा तुकडा जुळला तरी चालतं, पण लहान-मोठी लिपी जुळावी लागते.

टॅगांची नावं १, २, ३ अशी देवनागरीत केली. कॉन्फिग.एच युटीएफ-८ मध्ये ठेवली की झालं. शेवटच्या दोघांना आकड्याऐवजी 'वेब' आणि 'टपाल'. छान दिसतात.

९ जानेवारी, गुरुवार

आवाजाच्या आणि प्रकाशाच्या कळा बांधल्या. लिहिण्यासारखं काही नाही.

बारची स्क्रिप्ट. डीडब्ल्यूएम आपल्या बारच्या उजव्या कोपऱ्यात रूट खिडकीचं (सगळ्यांच्या मागची पार्श्वभूमीची खिडकी) नाव छापतो. ते एक्ससेटरूटने बदललं की बार बदलतो, एवढी साधी सोय. माझ्या ओळीत गट, बॅटरी, वार, तारीख, महिना, वेळ. वार आणि महिना मराठीत यावेत म्हणून लोकेल्समध्ये, म्हणजे भाषा-प्रदेशाच्या सेटिंगांत, मराठी (भारत) तयार केलं आणि डेट कमांडपुरता एलसी-टाइम तसा लावला. एलसी-ऑल आधीपासून लावलेलं असेल तर ते वरचढ ठरतं, तेव्हा ते कुठे नाही ना हे पाहून घ्यावं.

आकडे देवनागरी करायला ट्रान्सलिटरेटची टीआर कमांड हाताशी येते, पण जीएनयूची टीआर एकेक बाइट बदलते आणि देवनागरीचा अंक तीन बाइटांचा. बाहेर येतो तो कचरा. सेडची वाय आज्ञा युटीएफ-८ लोकेलमध्ये अक्षराला अक्षर बदलते. तीच वापरली.

दर अर्ध्या सेकंदाला स्क्रिप्ट फक्त गट तपासते. ओळ खरोखर बदलली असेल तरच एक्ससेटरूट चालवते, नाहीतर गप्प. जुन्या बॅटरीवर उगाच बार रंगवत बसायला नको.

सध्या बार म्हणतो: म | ८१% | गुरुवार ९ जानेवारी, १९:४०. देखणा आहे.

१० जानेवारी, शुक्रवार

सकाळी बारमध्ये 'शुक्‌रवार'. क चा पाय मोडलेला आणि र वेगळा पडलेला.

सोमवार, मंगळवार, बुधवार, गुरुवार, जानेवारी. यांपैकी कशातही जोडाक्षर नाही, पहिली वेलांटी नाही. म्हणून गेले दिवस सगळं सुरळीत दिसत होतं. उद्या शनिवार, परवा रविवार, दोन्हींत पहिली वेलांटी. टॅगांची नावंही योगायोगाने सोपी निघाली, 'वेब'मध्ये मात्रा आणि 'टपाल'मध्ये काना.

फायरफॉक्समध्ये मराठी पान उघडून खिडकीचं शीर्षक वाचलं. 'दिवस'चा 'दविस', 'विषय'चा 'वषिय', 'पुस्तक'चं 'पुस्‌तक', 'कार्य'चा रफार खाली उतरून 'कार्‌य'. पानाच्या आत तेच शब्द नीट. म्हणजे फॉन्ट बरोबर आहे, गडबड बार रंगवण्यात आहे.

मुद्रितं तपासणाऱ्याच्या पडद्यावर दिवसभर हे लटकलेलं चालणार नाही.

११ जानेवारी, शनिवार

डीडब्ल्यूएमची छपाईची फाइल, डीआरडब्ल्यू.सी, वाचली. बारमधली सगळी अक्षरं तिथल्या एका फंक्शनमधून जातात. ते मजकुराचा एकेक कोडपॉइंट (युनिकोडमधलं एक चिन्ह) उचलतं, तो कुठल्या फॉन्टात आहे हे शोधतं, आणि एक्सएफटी लायब्ररीला म्हणतं, छाप. एक्सएफटी कोडपॉइंटला ग्लिफ, म्हणजे फॉन्टातलं चित्र, देतो आणि आले त्या क्रमाने ओळीत मांडत जातो. इंग्रजीला तेवढं पुरतं.

देवनागरीत पहिली वेलांटी युनिकोडमध्ये व्यंजनानंतर साठवतात आणि दाखवतात आधी. 'दिवस' म्हणजे द, वेलांटी, व, स. क्रम न बदलता छापलं की वेलांटी द च्या उजवीकडे, म्हणजे व च्या डाव्या अंगाला जाऊन बसते, आणि वाचणारा ती व ची समजतो. क, हलन्त, र यांचा क्र करायचा तर फॉन्टातल्या ओपनटाइप कोष्टकांतून जोडाक्षराचं ग्लिफ शोधावं लागतं. हे काम शेपिंग इंजिनचं. लिनक्सवर ते हार्फबझ करतं, फायरफॉक्स आणि लिबरऑफिस दोघेही त्याच्याकडेच जातात. डीडब्ल्यूएम जात नाही. कोड कमी ठेवण्याच्या दंडकाची ही किंमत, आणि ती इंग्रजीवाल्यांना भरावी लागत नाही.

चाचणीसाठी एक ओळ करून ठेवली, बारमध्ये ती नीट आली की काम झालं:

सुऱ्या, तऱ्हा, विशिष्ट कार्यक्रम, ज्ञानेश्वर, उद्धृत, शनिवार

यात पहिली वेलांटी, रफार, ऱ्य आणि ऱ्ह चा अर्धा र, ज्ञ, द्ध ला लागलेला ऋकार, सगळं आलं.

रात्री मित्राचा फोन. तो आय-थ्री हा दुसरा टायलिंग विंडो मॅनेजर वापरतो.

"अरे, आय-थ्री घे की. त्याचा बार पँगो लायब्ररीने छापतो, तुझं मराठी पहिल्या दिवशी नीट दिसलं असतं."

"दिसलं असतं, मान्य. पण त्यात प्रत्येक खिडकी आडवी फोडू की उभी हे मी सांगायचं."

"मग? एक कळ तर दाबायची."

"दिवसातून शंभरदा. इथे नवी खिडकी आपली आपण डाव्या रकान्यात येते आणि जुनी उजवीकडे सरकते, मला विचारत नाही."

"बरं बाबा, बस सी लिहीत."

त्याचं चूक नाही. ज्याला मराठी बार हवाय आणि कोडशी खेळायचं नाही, त्याने मायकेल श्टापेलबर्ग यांचा आय-थ्री घ्यावा आणि सुखाने राहावं. मला मास्टर आणि स्टॅकची मांडणी (डावीकडे मुख्य खिडकी, उजवीकडे बाकीच्या) सोडवत नाही, आणि टॅग तर नाहीच.

१२ जानेवारी, रविवार

ठरलं, डीआरडब्ल्यू.सी मधलं छपाईचं काम पँगोकडे द्यायचं. पँगो आतून हार्फबझ वापरतो आणि एक्सएफटीच्या पृष्ठभागावर छापण्याची सोय त्यात आहेच.

डीडब्ल्यूएमच्या साइटवर पँगोचा तयार पॅच मिळतो. तो वाचला, लावला नाही. पॅच ज्या आवृत्तीवर बेतलेला असतो तिच्याहून आपली वेगळी असली की तुकडे .रेज फाइलीत जाऊन पडतात, मग ते हाताने बसवायचेच. त्यापेक्षा काय बदललं ते समजून आपलं आपण लिहिलेलं बरं. शिवाय मला मार्कअप नको होता. त्यात मजकुरातल्या खुणांवरून रंग आणि ठळकपणा ठरतो. वेबपानाच्या शीर्षकात कोणी काय लिहिलंय यावर माझा बार रंगायला नको.

बदलायची ठिकाणं चारच. फॉन्ट उघडणं, फॉन्ट सोडणं, मजकूर छापणं, मजकुराची रुंदी मोजणं. फॉन्ट उघडताना पँगोचा संदर्भ आणि एक लेआउट तयार करून ठेवायचा. छापताना त्यात मजकूर भरायचा, मोजताना त्यालाच रुंदी विचारायची. पँगो आपली मापं पिक्सेलच्या १०२४व्या भागात सांगतो, तेव्हा देताना गुणायचं, घेताना भागायचं. फॉलबॅक फॉन्ट (पहिल्यात नसलेल्या अक्षरांसाठीचा पर्यायी) शोधण्याचा मूळ कोडमधला लांबलचक भाग गेला, ते पँगो फॉन्टकॉन्फिगला विचारून स्वतःच करतो. फंक्शन बरंच आखूड झालं. मात्र लायब्ररी वाढली, आणि सकलेस मंडळींना ते रुचणार नाही. त्यांच्याकडे पाठवायचा विचारही नाही.

फॉन्टचं नाव लिहायची रीत बदलते. आधी नाव, कोलन, साइझ बरोबर दहा अशी होती. पँगोला नाव आणि पुढे नुसता आकडा लागतो.

चाचणी झेफिरमध्ये. चालू एक्सच्या आत दुसरा एक्स एका खिडकीत उघडतो, १३६६ गुणिले ७६८ चाच, आणि नवा डीडब्ल्यूएम त्यात चालवायचा. पडला तर ती खिडकी पडते, उघडं काम पडत नाही. हे पॅकेज पहिल्या दिवशीच टाकून घ्यावं, कोणीही.

संध्याकाळी कंपाइल झालं. चाचणीची ओळ छापली गेली. विशिष्ट, कार्यक्रम, ज्ञानेश्वर, सगळं जागेवर. 'उद्धृत'चा ऋकार मात्र खालून कापलेला, आणि 'कार्य'चा रफार वरून.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. काम बंद.

१८ जानेवारी, शनिवार

बारची उंची. डीडब्ल्यूएम फॉन्टची उंची घेतो, त्यात दोन पिक्सेल मिळवतो, तो बार. पँगोकडे फॉन्टची मापं मागितली की तो पहिल्या, म्हणजे लॅटिन फॉन्टची देतो. देवनागरी अक्षरं फॉलबॅकमधून येतात आणि ती वर-खाली दोन्हीकडे जास्त जागा घेतात. म्हणून रफार आणि ऋकार कापले जात होते.

पहिला फॉन्ट नोटो सान्स देवनागरी करून पाहिला. काही कापलं जात नाही, पण त्याची ओळीची उंची इतकी ऐसपैस की बार जाडजूड झाला आणि खालच्या पानाची एक ओळ गेली. छापील पुस्तकात ती उंची बरी दिसेल, बारमध्ये नाही.

शेवटी फॉन्टचं म्हणणं ऐकायचंच नाही असं ठरवलं. सुरुवातीला लेआउटमध्ये एक नमुना भरायचा, 'र्कीं द्धृ ट्टू', आणि त्याची प्रत्यक्ष शाईची उंची मोजायची. रफार, दुसरी वेलांटी आणि अनुस्वार एकावर एक चढले की वरची हद्द कळते, खाली ऋकार आणि दुसरा उकार. यापेक्षा उंच काही मराठीत सहसा येत नाही. त्यात दोन पिक्सेल मिळवले, तो बार. आता मूळ बारपेक्षा थोडाच उंच आहे आणि काही कापलं जात नाही. शाईच्या मापात बेसलाइन वेगळी मोजून घ्यावी लागते, नाहीतर सगळा मजकूर वर सरकतो.

लांब शीर्षकं. जागा संपली की मूळ कोड तीन टिंबं टाकतो, पण कुठे तोडायचं हे कोडपॉइंट मोजून ठरवतो. जोडाक्षराच्या मध्ये तोडलं की क्ष चा क् उरतो. पँगोला रुंदी सांगितली आणि शेवटी टिंबं दे म्हटलं की तो अख्ख्या अक्षरावर तोडतो. दोन ओळींचं काम.

१९ जानेवारी, रविवार

सगळं नीट दिसतंय तरी काहीतरी खटकत होतं. ल.

बारमधला ल हिंदी वळणाचा येतो, श सुद्धा. मराठी पुस्तकांत ल आणि श वेगळ्या वळणाचे असतात आणि मुद्रितं वाचणाऱ्याच्या डोळ्याला तेच सवयीचे. लोहित देवनागरी फॉन्टात दोन्ही रूपं आहेत. मजकुराची भाषा मराठी आहे असं इंजिनला कळलं तर ते मराठी रूप उचलतं. माझं लोकेल इंग्रजी (भारत). पँगो पाहतो, लिपी देवनागरी, लोकेलची भाषा इंग्रजी, जुळत नाही. मग तो देवनागरीसाठी ठरवून ठेवलेली भाषा घेतो, आणि ती हिंदी.

उपाय एका ओळीचा. एक्स-इनिटमध्ये डीडब्ल्यूएमच्या आधी पँगो-लँग्वेज हा व्हेरिएबल मराठीचा कोड देऊन एक्स्पोर्ट करायचा. याचा फायदा पँगोवर चालणाऱ्या सगळ्याच प्रोग्रामांना होतो. फाइल मॅनेजरमधली नावंही मराठी ल-श ने दिसू लागली. आधी कधी लक्षात आलं नव्हतं, आता पूर्वीचं रूप पाहवत नाही.

२१ जानेवारी, मंगळवार

एका लेखाचं शीर्षक फार लांब होतं. बारमध्ये शेवटी चौकोन आणि ज्या टर्मिनलातून झेफिर चालू केला तिथे पँगोची तक्रार, युटीएफ-८ अवैध.

कारण डीडब्ल्यूएमच्या क्लायंटच्या रचनेत. शीर्षकाला २५६ बाइटांची जागा आहे, शेवटचा शून्याचा, म्हणजे हाती २५५. देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटांचा, त्यामुळे ८५ च्या आसपास कोडपॉइंटांत जागा संपते. इंग्रजी माणसाचं वाक्य त्यात अडीचशे अक्षरं चालतं, आपलं पंच्याऐंशीतच दमतं. आणि मध्ये स्पेस आला, जो एकाच बाइटचा, की २५५ ची मर्यादा अक्षराच्या मधोमध पडते. तिथून कापलं की मागे अर्धवट बाइट उरतात.

जागा १०२४ केली. तेवढ्याने मर्यादा फक्त लांब जाते, म्हणून शीर्षक उतरवून घेणाऱ्या फंक्शनच्या शेवटी जीलिब लायब्ररीच्या युटीएफ-८ तपासणीला मजकूर दिला. ती जिथपर्यंत मजकूर वैध आहे तिथला पॉइंटर परत देते. तिथे शून्य लिहिलं, संपलं. पँगोमुळे जीलिब तशीही आत आलेली आहे, तिला कामाला लावायला काय हरकत? रूट खिडकीच्या नावालाही हीच गाळणी लागते, कारण दोन्ही एकाच फंक्शनमधून येतात.

२५ जानेवारी, शनिवार

डीमेनू, टाइप करून यादीतून निवडायचा सकलेसचाच प्रोग्राम. चालू कामाच्या फाइली मी याच्यातून उघडतो. स्क्रिप्ट फोल्डरमधली नावं डीमेनूला देते, दोन-तीन अक्षरं टाइप केली की यादी आखडते, एंटर. फाइलींची नावं मराठीत असतात, 'प्रकरण तिसरं, दुसरं मुद्रित' अशी. त्यामुळे बार दुरुस्त होऊन डीमेनू तसाच राहणं बरं दिसेना.

दोघांची डीआरडब्ल्यू.सी जवळपास सारखीच आहे. माझे बदल जवळपास तसेच बसले. यादी नीट दिसते. शोध आधीपासून नीटच होता, तो बाइटांवर चालतो, दिसण्याशी त्याचा संबंध नाही.

अडलं ते कर्सरवर. डीमेनू कर्सरची जागा अशी काढतो: पूर्ण मजकुराची रुंदी, वजा कर्सरच्या पुढच्या मजकुराची रुंदी. इंग्रजीत हिशेब बरोबर. मराठीत कर्सर 'कि' च्या क आणि वेलांटीच्या मध्ये उभा असला तर पुढचा मजकूर नुसत्या वेलांटीने सुरू होतो. हार्फबझ एकट्या वेलांटीला आधार म्हणून ठिपक्यांचं वर्तुळ जोडतो आणि त्याचीही रुंदी मोजली जाते. कर्सर मागे उडी मारतो, कधी आधीच्या शब्दात जाऊन पोचतो. पडद्यावर वर्तुळ कुठेच नाही, ते फक्त मोजमापात आहे, म्हणून आधी कारण सापडेना.

पँगोला थेट विचारता येतं, अमुक बाइटवर कर्सर कुठे? डीमेनू कर्सर बाइटमध्येच मोजतो, पँगोलाही बाइटच लागतो. मधे रूपांतर नाही. वजाबाकी काढून टाकली, त्या जागी हा प्रश्न. कर्सर आता अक्षराच्या कडेला उभा राहतो.

बॅकस्पेसला हात लावला नाही. तो एकेक कोडपॉइंट खोडतो, क्ष वर दाबला की क् उरतो, पुन्हा दाबला की क. इन्स्क्रिप्टवर टाइप करणाऱ्याला हेच हवं असतं, ज्या क्रमाने लिहिलं त्याच क्रमाने मागे. डावा बाण मात्र जोडाक्षराच्या पोटात थांबत-थांबत जातो, कळ दाबली तरी कर्सर हललेला दिसत नाही. कर्सर कुठे थांबू शकतो याची यादीही पँगो देतो, ती वापरून हे सुटेल. डीमेनूमध्ये डावा बाण मी वापरत नाही, तेव्हा सोडून दिलं.

एसटी टर्मिनल तसाच राहणार. तिथे प्रत्येक कोडपॉइंटला ठरलेलं चौकोनी घर असतं. हार्फबझचा पॅच त्यालाही मिळतो, पण दोन घरांच्या क्ष ला घरं किती द्यायची हा झगडा निराळा. टर्मिनलात मराठी लिहायचं नाही, फाइली यादीतून उघडायच्या. संपादन ईमॅक्समध्ये, त्यात २७व्या आवृत्तीपासून हार्फबझ आहे.

२६ जानेवारी, रविवार

गिटमध्ये दोन फांद्या केल्या. एकीत फक्त माझी कॉन्फिग.एच, दुसरीत पँगोचे बदल, उंची, शीर्षकाची गाळणी, प्रत्येकाचा वेगळा कमिट. नवी आवृत्ती आली की दुसरी फांदी तिच्यावर रीबेस करायची. डीआरडब्ल्यू.सी वर्षभरात फारशी हलत नाही.

मित्राला फांद्या पाठवल्या. त्याचं उत्तर आलं: "मराठी ल आय-थ्रीतही हिंदीच येतोय रे, तो व्हेरिएबल कुठला म्हणालास?"

पाठवला.